आठ की साडेआठ?

मित्रांनो, मी वर्गातले जुने लाकडी घड्याळ आहे. पण वेळ मात्र मला विचारू नका. माझ्या पोटात यंत्रच नाही. दाराच्या उरलेल्या फळीतून सुताराने मला गोल कापले, आकडे रंगवले आणि काटे बसवताना तो हसून म्हणाला, "कोणी फिरवेल तेवढे तुझ्यात वाजतील, बाबा!" तेव्हापासून मी गोंधळलेलेच आहे.

पहिली कित्येक वर्षे बरी गेली. कोणीतरी काटे फिरवी, सगळा वर्ग एका सुरात वेळ सांगे आणि मी खिळ्यावर रुबाबात लटकत असे. मग नव्या बाई आल्या आणि माझे हाल सुरू झाले.

शाळा सुटली की त्या मला टेबलावर आडवे ठेवत आणि उद्याच्या धड्याची जुळवाजुळव करताना स्वतःशीच बोलत. "भिंगरीला बसवून ठेवलं की संपलंच. त्याला चालवायला हवं." भिंगरी म्हणजे एक क्षण स्वस्थ न बसणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी तो जमिनीवर खडूने काढलेल्या माझ्या चित्रात एका आकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. मग मी कशाला, ते मला कळेना. एका मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नसे. त्याच्यासाठी बाईंनी माझ्या आकड्यांवर सदऱ्याची बटणे चिकटवली. तो माझ्या तोंडावरून बोटे फिरवी आणि मला गुदगुल्या होत.

वर्गातल्या ठकीसाठी तर त्यांनी कहरच केला. माझा मोठा काटाच काढून घेतला!

वेळ विचारली की ठकी गप्प होई. मोठ्या सरांनी बजावले होते, "शनिवारी मी स्वतः विचारणार. नाही आलं, तर खालच्या वर्गात बसवू." खालच्या वर्गात ठकीची धाकटी बहीण होती. तिच्या शेजारी बसायचे, या विचारानेच ठकी रडवेली होई.

"बाई, घड्याळ शिकवताय की मोडताय?" सरांनी विचारले. मलाही तेच विचारायचे होते.

"दोन काटे एकदम दिसले की ती गांगरते, सर. आधी एकाशी गट्टी होऊ दे."

मग ठकी आणि माझा लहान काटा, दोघेच. मोठा तिच्या मुठीत. "आठ सोडलाय... अजून नवापर्यंत नाही पोचला," ती पुटपुटत बसे. घड्याळ असे शिकतात का? मला काही उमजेना.

शुक्रवारी सरांना माझी दया आली. त्यांनी बटणे खरवडली, मोठा काटा नव्या स्क्रूने घट्ट बसवला, मला लखलखीत पुसले. मी अभिमानाने फुगून गेले.

शनिवारी सरांनी जोर लावून लहान काटा नेमका आठवर ठेवला, मोठा सहावर. "सांग, किती वाजले?"

"साडेआठ!" मागून कोणीतरी कुजबुजले. ठकीने ते ऐकले, तरी ती काटेच निरखत राहिली. मी आतल्या आत तळमळले. अगं, आता तर मी धडधाकट आहे, बोल ना!

"ठके, जे दिसतंय ते सांग, बाळा," बाई म्हणाल्या.

"बाई, या दोघांचं भांडण झालंय." तिने मान वर केली. "सर, तुमचा स्क्रू जरा ढिला करू का?"

वर्ग खो खो हसला. ठकीने मात्र स्क्रू सैल केला आणि लहान काटा आठ आणि नऊच्या मधोमध नेला. "आता साडेआठ. अर्धा तास झाला, तर छोट्यानेही अर्धं चालायला हवं ना? हा आपला आठवरच बसून राहिला होता!"

सरांनी वाकून माझे दोन्ही काटे पाहिले. मग चष्मा काढून स्वतःच हसले. "माझंच चुकलं की गं! जा, बस आपल्या जागेवर."

म्हणजे इतकी वर्षे, सगळा वर्ग एका सुरात ओरडत असताना, मी साडेआठच्या नावाखाली दाखवत तरी काय होते? अजूनही आठवले की माझे डोके गरगरते.

सोमवारी बटणे परत चिकटली. ती सरांनीच आणली होती.

मित्रांनो, बाई उद्या माझे आणखी काय करतील, मला ठाऊक नाही. पण कधी मी एका काट्याचे दिसले, तर हळहळू नका आणि घाईने दुरुस्तही करू नका. माझा दुसरा काटा हरवलेला नसतो. तो कोणाच्या तरी मुठीत असतो. त्या मुलाला थोडी सवड द्या. तो आपल्या हाताने लावेल.