भगवतीपुढची शपथ

मथुराने उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवली आणि खेकड्याच्या पायांसारखी ती एकेक करून वर सरकवायला सुरुवात केली. खांद्याच्या उंचीपर्यंत हात निमूट गेला. पुढे काखेतून छातीपर्यंत कुणी दोरी ताणावी तशी कळ आली आणि ती थांबली.

“अजून,” मागून दमयंती म्हणाली.

“पुरे गो. जीव जातोय.”

“जायचा तेव्हा गेला नाय, आता भिंतीपाशी कशाला जाईल? कालची रेघ वर हाय. बघ तरी.”

चुन्याच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या. ऑपरेशननंतर हात रोज वर नेला नाही तर तो अंगाला चिकटून बसेल, असं मिरजेच्या डॉक्टरने बजावलं होतं. मथुराने दात आवळले, डोळे मिटले आणि बोटं रेटली. कालची रेघ तिच्या मधल्या बोटाखाली आली. दमयंतीने लगेच कोळशाने नवी रेघ मारली आणि पदराने कपाळ पुसलं. मथुराचं नव्हे, स्वतःचं.

मथुराला ते दिसलं. एवढी माया, तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो तिने गिळून टाकला.

गाठ तिला आषाढात लागली होती. आंघोळ करताना उजव्या स्तनात सुपारीएवढं काहीतरी हाताला आलं. दुखत नव्हतं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. गौरी-गणपती झाले, नवरात्र आलं, तोवर सुपारीचं लिंबू झालं आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली. तेव्हा नवऱ्याला सांगावं लागलं. महिपत मांडवी बंदरावर पडावाचा, म्हणजे उतारूंच्या होडीचा, तांडेल. आगबोट दूर समुद्रात थांबे, तिथून उतारू किनाऱ्यावर आणायचं त्याचं काम. चारचौघांत मोठ्याने बोलणारा तो माणूस त्या दिवशी ओटीवर बसून नुसता जमीन बघत राहिला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ते म्हणाले, “इथे वेळ घालवू नका. मिरजेला जा.”

मिरजेहून माणूस परत येतो असं मथुराला वाटलं नव्हतं. म्हणून निघण्याआधी ती महिपतला किल्ल्यावर भगवतीच्या देवळात घेऊन गेली. जयगडहून धाकटी बहीण दमयंतीला तिने बोलावून घेतलंच होतं. दमयंतीचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मचव्यासकट बुडाला होता. तेव्हापासून ती भावाच्या घरी राबत होती. मथुराने दोघांना देवीपुढे उभं केलं.

“मी गेले तर हिच्याशी पाट लावायचा,” ती महिपतला म्हणाली. “माझ्या पोरींना सावत्र आई नको, मावशी हवी. हात ठेवा पायरीवर.”

महिपतने हात ठेवला. दमयंती खाली मान घालून “बरं” एवढंच म्हणाली. आणि मथुरा हलक्या मनाने मोटारीत बसली.

पण ती मेली नाही. क्लोरोफॉर्मच्या गुंगीतून ती जागी झाली तेव्हा उजवी बाजू जड पट्ट्यांनी आवळलेली होती आणि उशाशी दमयंती बसली होती. इस्पितळाच्या आवारात चूल मांडून ती पेज करी. नर्स पट्टी बदलू लागली की बाकी लोक तोंड फिरवत, ही पुढे वाकून बघे. घरी आल्यावर जखमेचं सगळं तिनेच केलं. फडकी उकळायची, हात राखेने घासून धुवायचे, पट्टी सोडवताना कातडी ओढली जाऊ नये म्हणून कोमट पाणी सोडत बसायचं. पोरींच्या वेण्या तीच घाली. कोठीच्या किल्ल्याही आता तिच्याच कमरेला असत.

एक दिवस शेजारची येसूबाई सोलं मागायला आली. महिपतची ती चुलती. ओटीवर बसून तिने मथुराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“उठलीस गो. भगवतीनं राखलान तुला.”

“होय काकी.”

“माय मरो नि मावशी जगो म्हणतात, तसं पोरींचं काय बिघडलं नसतं म्हणा.” येसूबाईने सोलांची पुडी ओटीत ठेवली आणि आवाज उतरवला. “पण वाईट वाटतं ते त्या दमीचं. बोलून चालून आशेला लावलीस. दोनदा कपाळ फुटलं बिचारीचं.”

येसूबाई गेली, पण तिचं बोलणं घरातच राहिलं.

मथुरा त्या दिवसापासून पाहू लागली. पाहायचं ठरवलं की दिसायला वेळ लागत नाही. पूर्वी महिपत मेहुणीची थट्टा केल्याशिवाय ताटावरून उठत नसे. “जयगडचे लोक मीठ जास्त खातात काय गो?” असं काहीतरी काढून तिला चिडवी. आता ती वाढायला आली की त्याची मान खाली जाई. तीही बाजूला बघत वाढे. एकमेकांच्या वाटेत आली तर दोघं चोरासारखी अंग चोरत. जिथे काही नसतं तिथे माणसं अशी वागत नाहीत, मथुरा मनाशी म्हणे.

तिला राग येत नव्हता, हेच तिला नवल वाटे. शपथ तिनेच घातली होती. रात्री महिपत ओटीवर झोपे, ती आत. चोळीच्या उजव्या बाजूला ती कापसाची घडी शिवून घाले आणि दिवा मालवल्याशिवाय चोळी काढत नसे. मिरजेहून आल्यापासून त्या बाजूला तिने त्याची नजर पडू दिली नव्हती. त्यानेही कधी विचारलं नव्हतं. मग त्याने तरी किती दिवस ओटीवर झोपायचं? नि दमयंतीने कशाच्या जोरावर आपली सेवा करायची?

फाल्गुनात तिघं पुन्हा मिरजेला गेली. पोरी येसूबाईकडे ठेवल्या. डॉक्टर गोरा होता, पण मराठी स्वच्छ बोले. त्याने मथुराची काख दाबून पाहिली, मान पाहिली, डावी बाजू पाहिली. हात वर करायला सांगितलं. हात कानाला लागला.

“हे कोणी करून घेतलं?” त्याने विचारलं.

“बहिणीनं.”

“जखम उत्तम भरली. गाठ कुठेही नाही.” तो हात पुसत म्हणाला. “पुढे येणारच नाही असं मी सांगणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. पण आज तुम्ही बऱ्या आहात. घरी जा, कामाला लागा.”

दारात उभ्या असलेल्या महिपतने हात जोडले.  मथुरा बाहेर व्हरांड्यात आली, दमयंतीला म्हणाली, “काय नाय म्हणाले गो. गाठबीठ काय नाय.”

दमयंती पायरीवर मटकन बसली. गुडघ्यांत डोकं घालून ती रडू लागली. साधंसुधं नव्हे, हुंदक्यांनी तिची पाठ हलत होती. जाणारे-येणारे थांबले. वॉर्डातली मोठी नर्स धावत आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मथुरा खांबाला धरून उभी राहिली. जगल्याचा आनंद तिला घेताच येईना. आपल्या जगण्यानं कुणाला असं रडू यावं, तिला वाटलं, आणि तेही सख्ख्या बहिणीला!

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. कोल्हापूरची सर्व्हिस मोटार आंबा घाट उतरून खाली आली, उकाडा वाढला, तरी तिची नजर बाहेरच होती. पालीला मोटार पाणी भरायला थांबली. उतारू पाय मोकळे करायला उतरले. महिपत चहा आणायला समोरच्या हॉटेलात गेला. दोघी बहिणी वडाच्या सावलीत पारावर बसल्या.

“दमे,” मथुरा म्हणाली, “मिरजेला रडलीस ती का?”

“उगाच.”

“माझ्याशी खोटं नको. मी आंधळी नाय.” तिने बहिणीचा हात धरला. “ऐक माझं. मी जगले म्हणून शपथ मोडत नाय. येत्या वैशाखात पाट लावून टाकू. तू घरात मोठी हो, मी एका बाजूला राहीन. पोरी तुलाच लागलेल्या आहेत. आणि मी तरी आता काय…” तिचा डावा हात नकळत चोळीच्या कापसावर गेला. “अर्धीच बाई राहिले.”

 दमयंतीने आपला हात सोडवून घेतला आणि मथुराचे पाय धरले.

“अक्का, तुझ्या पाया पडते, असं बोलू नको. आता कुठं सुटले गो मी!”

“सुटलीस?”

“मग काय तर!” दमयंतीच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. “तू गाठीला भ्यायलीस, मी तुझ्या शपथेला. रोज पट्टी सोडताना मला धडकी भरायची. जरा लाल दिसलं की वाटायचं, झालं, ही जाते नि मी अडकते. मी नुसतं तुझ्यासाठी नाय केलं अक्का. माझ्यासाठी केलं. पापी हाय मी.”



“त्यांच्यात काय वाईट हाय?”

“वाईट कशाला? देवमाणूस हाय. पण भावोजींकडे बघितलं की मला आपला दादाच दिसतो. त्यांच्याशी कसा गो संसार करायचा? आणि पुन्हा दर्यावरचा माणूस. वारा सुटला की किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं. मी एकदा उभी राहिले. पुरे झालं.”

“मग देवळात बरं कशाला म्हणालीस?”

“तू मरायला निघालेलीस. तुला नाय कशी म्हणू?”

 मोटारीचा क्लीनर बादली घेऊन विहिरीकडे गेला आणि भरून परत आला.  मथुराला आधी वाटलं रडू येतंय, पण ते हसू होतं.

“म्हणून माझा हात पिळून काढलास होय? आणि मी समजत होते, केवढी माया!”

“माया पण होती,” दमयंती नाक ओढत म्हणाली. तीही हसू लागली. हसता हसता तिने दुसरंही सांगून टाकलं. मिरजेच्या मोठ्या नर्सने तिला मागच्याच खेपेला विचारलं होतं, इथे राहून काम शिकतेस का म्हणून. तुझ्यासारख्या एकट्या बायका आमच्याकडे शिकतात, तुझा हात हलका आहे. दमयंती जयगडच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली होती, तेवढं पुरेल असं नर्स म्हणाली. “मी म्हटलं, अक्का बरी झाली तर सांगते. नाय झाली तर मी मोकळी नसणार.”

“मग आज सांगितलंस?”

“सांगणार होते. पण रडणंच आवरेना.”

महिपत तीन कप तोलत रस्ता ओलांडून आला. दोघींना हसताना पाहून त्याचा चेहरा गोंधळला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने हे पाहिलं नव्हतं.

“काय झालं?”

“तुमचं लग्न मोडलं,” मथुरा म्हणाली. “नवरी नको म्हणते.”

महिपतने एकदा बायकोकडे आणि एकदा मेहुणीकडे पाहिलं. चहा हिंदकळून त्याच्या बोटांवर सांडला, तरी त्याला भान नव्हतं. कप पारावर ठेवून तो मोटारीच्या पायफळीवर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून तिनेच तोंड पुसू लागला.

“आणि भगवतीला काय सांगायचं?”

“शपथ मी घातली, मीच सोडवीन. उद्या नारळ ठेवते.”

“मग ठेवच.” त्याने मोठा श्वास सोडला. “तुला सांगतो, बाहेर आगबोटीकडे जाताना रोज हात जोडायचो. म्हणायचो, बये, हिला राख. नायतर ही पोर माझ्या गळ्यात…” आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तो थांबला. दमयंतीने तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना.

“तिला जूनमध्ये मिरजेला नर्सचं काम शिकायला पोचवायची हाय,” मथुरा म्हणाली. “तुमचा पडाव पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेलाच असतो.”

“पोचवतो की. जयगडच्या मीठखाऊ बाईला ते लोक ठेवून घेतील काय, तेवढं बघायला हवं.”

“भावोजी, चहा निवतोय,” दमयंती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. सगळे आपापल्या जागी बसले. मथुरा खिडकीशी, दमयंती तिच्या शेजारी आणि महिपत मागच्या बाकावर. मोटार सुरू झाली तशी दमयंतीने मान मागे टाकली आणि पालीचा बाजार मागे पडतो न पडतो तोच ती झोपून गेली. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. लहान असताना ती अशीच झोपायची.

थोड्या वेळाने महिपत मागून पुढे वाकला.

“ऐकतंस काय गो?” मोटारीच्या घरघरीत ऐकू जाईल पण झोपलेली जागी होणार नाही, इतक्या बेताने तो म्हणाला.

“काय?”



“सुटलो ते बरंच झालं म्हणा. पण मी म्हणतो, नको का म्हणालीन ती? माझ्यात असं वाईट काय हाय?”

मथुराने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच विचारत होता. कपाळावर आठी होती आणि टोपी अजून हातातच होती.  तिने डाव्या हाताने आपली उजवी बाजू घट्ट दाबून धरली, कारण हसलं की तिथे अजून ओढ बसत होती, आणि हातखंब्याचा नाका मागे पडेपर्यंत ती हसत राहिली.