बुजवलेली खाच

मी एक जुनी प्रतिकृती आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे चार वर्षांची. पण भेंडाच्या वस्तूला चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. त्यातली तीन काचेच्या पेटीत गेली, आणि त्या तीन वर्षांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. लोक मला बघून ढग म्हणायचे, कुणी फ्लॉवरचा गड्डा म्हणायचं. मी एका एन्झाइमची प्रतिकृती आहे हे खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, पण चिठ्ठी वाचतो कोण?

जिवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती नसली तर तो पाणी शोषून फुटून जाईल. त्या भिंतीची पहिली वीट घडवायला जे एन्झाइम लागतं, त्याचा आकार माझा. दोन गोळे आणि त्यांच्या मध्ये एक खोल खाच. सगळं काम त्या खाचेत चालतं. तिथे औषधाचा कण जाऊन बसला की भिंत अडते आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला त्याचा त्रास होत नाही. खाच काढून टाकली तर माझ्यात उरतं काय? दोन गोळे.

तंजावूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाळकृष्णराव सरांनी या एन्झाइमपायी एकोणीस वर्षं घातली. आकार कळायचा तर आधी त्या एन्झाइमचे स्फटिक व्हायला हवेत, आणि ते काही केल्या होईनात. प्रत्येक थेंबात नुसता गाळ. सर निवृत्त होऊन तिरुवैयारूला राहायला गेले, काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या विद्यार्थिनीला, विनुताला, स्फटिक मिळाले. क्ष-किरणांनी त्यातून उलगडलेला आकार तिने सरांना तोंडाने सांगून पाहिला.

"शब्दांनीं पोट भरेना गे," सर आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाले. "हातास कांही दे."

म्हणून माझा जन्म. भेंड म्हणजे पाणथळीतल्या झुडपाचा पांढरा गाभा, ज्याला इथे नेट्टी म्हणतात, तो कोरून छोटी देवळं करणाऱ्या हनुमंतरावांकडे विनुता बारा चित्रं घेऊन गेली. "दिसत नाही अशा माणसासाठी आहे, हातानं कळायला हवं," असं तिने बजावलं आणि त्याच आठवड्यात ती नोकरीसाठी हैदराबादला गेली.

हनुमंतरावांचा हात सोन्याचा. सव्वा महिना खपून त्यांनी माझा एकेक उंचवटा कोरला, खाचसुद्धा. शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी मला फिरवून पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "कामाक्षी, हें तुटलेलें दिसतें. त्या अम्मानं तुटक्या वस्तूचे फोटो दिलेत. आंधळ्या माणसास चिरलेली वस्तू कशी द्यावी? धड करून देऊं." आणि त्यांनी भेंडाचे तुकडे चिकटवून खाच बुजवली. सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना. मनात काही वाईट नव्हतं हो त्यांच्या, पण मला बोंब मारावीशी वाटली. भेंडाला तोंड कुठलं?

पार्सल कॉलेजात आलं. तिथून ते तिरुवैयारूला जायचं होतं. पण विभागप्रमुख सतीशकुमारांना मी आवडले. भेंडाची वस्तू काचेतच ठेवायची असते हे तंजावुरात कोणीही सांगेल, त्यांनी पेटी करवली, स्क्रू पिळले आणि म्हणाले, "सारांनी इथेच येऊन बघावं." आंधळ्या माणसाने, बरं का, बघावं.

मग सुरू झालं माझं कौतुक. पाहुणे आले की माझ्याशेजारी फोटो. वर्ग आला की सतीशकुमार काचेवर छडी टेकवून सांगायचे, "औषध इथं बसतं." एकदा नित्या नावाच्या मुलीने विचारलं, "सार, एथें तर भोक नाही." ते म्हणाले, "लांबून दिसत नाही." ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

सर एकदा आले. त्यांनी हात पुढे केला, तो काचेवर आपटला. "काच आहे सार, डाग पडतील," शिपाई म्हणाला. सरांनी हात खिशात घातला आणि ते बस पकडायला निघून गेले. विनुता फोनवर विचारायची तेव्हा तिला एकच उत्तर मिळायचं: अगदी जपून ठेवलंय.

यंदा पोंगलच्या सुट्टीत ती आली, सरांना घेऊन सरळ विभागात शिरली आणि पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. सतीशकुमार धावत आले. "मोडेल ते!"

"मोडूं दे," सर म्हणाले. "माझीं एकोणीस वर्षं मोडलीं, तेव्हां कोणी काच लावली नव्हती."

काच निघाली. सरांची बोटं सावकाश माझ्यावरून फिरू लागली. विनुता माझ्याकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बोटं मधोमध आली आणि थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली.

"विनुता, खाच कोठें?"

तिने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिथूनच तिने हनुमंतरावांना फोन लावला. "चीर होती ती मीच भरली अम्मा," ते अभिमानाने म्हणाले. तिला रडू आवरेना. "दुसरी करून घेते सार."

"दुसरी कशास? किती खोल, तें मज सांग."

त्यांनी अंगठ्याचं नख रोवलं. ती सांगत गेली, डावीकडे, अजून आत, आता तिरकं, आणि ते उकरत गेले. भुगा पडत होता. एका गोळ्याचा कोपरा उडाला तेव्हा सतीशकुमारांनी डोळे मिटून घेतले. मला दुखलं असेल तर ते आठवत नाही. अखेर सरांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि तिथेच राहिलं.

"एवढीशी जागा," सर हळूच म्हणाले. "आणि मी एकोणीस वर्षं बाहेर उभा."

मित्रांनो, कोपरा उडाला म्हणून मला पुन्हा पेटीत घालायचं चाललं आहे. घालू देऊ नका. माझ्यावर धूळ बसली तर पुसा, तुटले तर हनुमंतराव आहेत. पण मला जपायचं असेल, तर हात लावा. तीन वर्षं शेकडो डोळ्यांनी मला पाहिलं, आणि माझ्यात काय कमी आहे ते सांगायला एक आंधळा माणूस यावा लागला.