हिरवं वर्तुळ आणि आबांचा पाय

आबासाहेबांच्या डाव्या मनगटावरून मी बोलतोय. मी त्यांचा फिटनेस बँड. घरात मला घड्याळच म्हणतात. सांगताना मान वर होत नाही, तरी सांगतो.

बारामतीच्या एका दुकानातून मला त्यांच्या लेकीनं, प्रगतीनं आणलं. जन्म साखर कारखान्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर साखर रक्तात निघाली, असं आबा हसून सांगायचे. दिवसभर ओट्यावर बसून असायचे.

"आबा, रोज चालून पडद्यावरचं हे हिरवं वर्तुळ पुरं करायचं बरं का," प्रगती म्हणाली.

आणि आबा खरंच चालू लागले. भवानीनगरहून कालव्याच्या कडेनं सणसरच्या वाटेला. वर्तुळ भरलं की मी थरथरायचो, पडद्यावर फुलबाज्या उडवायचो. पुढच्या तपासणीत साखर उतरली. जो तो माझं कौतुक करू लागला. मी फुशारलो.

मग नवे बूट आले आणि उजवा बूट करंगळीला चावला. मधुमेहानं पावलाची जाणीव गेलेली, त्यामुळं आबांना दुखलंच नाही. मोजे धुताना प्रयागबाईंना, आबांच्या बायकोला, डाग दिसला.

"अवो, रगत हाय ह्यात. पाय दाखवा बघू."

"दुखत न्हाय तर काय दाखवू? हे बघ, घड्याळात समदं हिरवं हाय."

"घड्याळ हाताला हाय. मी पायाचं इचारतीय."

आबांनी बूट चढवले. त्या दिवशीही वर्तुळ भरलं. मीही फुलबाज्या उडवल्या. हाताचा झोका तेवढा मला कळतो. पाऊल कसं पडतंय, ते कुठं कळतंय?

आठवडाभरात आबांना थंडी वाजून ताप भरला. प्रयागबाईंनी जबरदस्तीनं पाय मांडीवर घेतला. करंगळी काळी पडली होती.

"पाय वाचेल, पण बोट काढावं लागेल," बारामतीचे डॉक्टर म्हणाले.

बोट काढलं. दुसऱ्या दिवशी आबा पायाला पट्टी बांधून पडले होते, प्रयागबाई उशाशी. तेवढ्यात मी थरथरलो. पडद्यावर आलं: 'बराच वेळ बसलात. उठा, चाला!'

आबांनी वाचलं आणि पटकन हात चादरीखाली घेतला. ते माझी लाज झाकत होते की स्वतःची, मला कळलं नाही.

प्रयागबाईंनी मात्र पाहिलं होतं. "काढून ठिवू का त्येला?"

"ऱ्हाऊ दे. त्यानं मला ओट्यावरनं उठवलं, हे खोटं न्हाय." आबांनी हात चादरीबाहेर काढला. "तुझं ऐकाय पायजे हुतं म्या."

आता आबा पुन्हा हळूहळू चालतात. घरी आले की प्रयागबाई दिव्याखाली त्यांचं पाऊल धरतात, बोटांच्या बेचक्या पुसतात, तळवा उलटसुलट न्याहाळतात. आबा आता पाय मागे घेत नाहीत. तेवढा वेळ मी पडदा काळाच ठेवतो.

तुमच्या मनगटावरही माझा एखादा भाऊ असेल. त्याला तुम्हाला उठवू द्या, चालवू द्या. ते काम त्याला जमतं. पण घरातल्या माणसानं काळजीनं काही विचारलं, तर मनगटाकडे बघून उत्तर देऊ नका. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.