बोटभर जागा

मी एकशेपासष्ट बोलतोय, उत्तमरावांच्या गाडीचा पुढचा डावा टायर. एकशेपासष्ट मिलिमीटर ही माझी रुंदी, ती माझ्या अंगावरच छापलेली आहे. माणसं वय लपवतात. आम्हाला मापसुद्धा लपवता येत नाही.

बाळापूरजवळच्या काळ्या रानात उत्तमराव झेंडू पिकवतात. चार वर्षं आम्ही चौघांनी फुलांची पोती अकोल्याला पोचवली. पण यंदा त्यांचा मुलगा शेखर अमरावतीला मावसभावाच्या गाडीचे रुंद टायर पाहून आला आणि मी त्याला सायकलचा टायर वाटू लागलो.

अकोल्यात त्याने दोनशेपाचचे टायर निवडले, रुंद चाकांसकट. मेकॅनिकने टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट घालून दाखवलं. "बोटभर जागा हाय ना भाऊ, काई नाई होत."

दुकानाच्या फरशीवर खरंच काही झालं नाही. मी चाकासकट गोठ्यात जाऊन पडलो. माझ्या खोलगट पोटात कोंबडीने अंडी घातली. अपमान फार वाटला, पण अंडी होती म्हणून गप्प राहिलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी झेंडू भरून शेतातून निघाली. पहाटे सर पडून गेली होती. काळी माती टायरला चिकटली, त्या बोटभर जागेत गच्च बसली आणि वीस पावलांवर चाकंच फिरेनात. दुपारपर्यंत बाजार गाठला नाही, तर सगळी फुलं वाया जाणार होती. शेखर सळईने माती उकरत रडकुंडीला आला.

"काहून रे, जुने चाकं इकले काय?" त्याच्या आईने, गंगूबाईंनी विचारलं.

"नाई. गोठ्यात हायेत."

"मंग आन ना. माह्यं तोंड काय पाहून राहिला?"

जॅक चिखलात रुतू लागला, तेव्हा त्यांनी घरातला जेवायचा पाट त्याच्याखाली सरकवला. अंडी पदरात घेतली. आम्ही चौघे जागेवर बसलो. माती मलाही चिकटली, पण मला चार बोटं जागा होती; ती गळून पडत गेली. अकरा वाजता आम्ही बाजारात होतो.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. शेखरने पहिलं कुंकू मला लावलं आणि वाकून हळूच म्हणाला, "चुकलं गड्या माह्यं." मला भरून आलं. तसा मी हवेने भरलेलाच असतो, पण हे वेगळं होतं.

रुंद मंडळी आता गोठ्यात आहेत. दिवाळीत डांबरी रस्त्याने अमरावतीला जाताना शेखर ती लावणार म्हणतो. खुशाल लावावीत. तुम्हाला एकच विनंती, टायर निवडताना दुकानाची फरशी पाहू नका, घरचा रस्ता पाहा. आणि शेखर, चाकं काढण्याआधी कोंबडीला विचार. ऐसपैस जागा मिळाल्यापासून ती उठायला तयार नाही.