बसून बांधलेलं घर

आमचे हे, म्हणजे दिनकरराव, श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी तपासत होते. निवृत्त झाले आणि त्यांनी माझी क्वालिटी तपासायला घेतली. डोशाची जाडी, चहाचा रंग, कणकेचा घट्टपणा! दोन महिन्यांत माझं डोकं फिरलं. म्हणून खालच्या मजल्यावरचे जेबमणी सर जेव्हा म्हणाले, "मॅडम, आमच्या चर्चची मंडळी दर शनिवारी एका गरजू बाईसाठी घर बांधणार आहेत, तुम्हीही या," तेव्हा यांना न विचारताच मी दोघांची नावं देऊन टाकली. आम्ही चर्चचे नाही हे सरांना चांगलं ठाऊक होतं. ते म्हणाले, विटेला काही फरक पडत नाही.

घर शोळिंगनल्लूरच्या एका मागच्या गल्लीत, अंजलै नावाच्या विधवेचं. जुनं झोपडं पाडलेलं, बाई शेजारी पत्र्याच्या आडोशाला राहत होती. पाया आणि स्लॅब कंत्राटदार करणार होता. भिंती तेवढ्या प्रेमाने बांधायच्या, म्हणजे आम्ही.

आम्ही धरून अठरा जण. त्यात दातांचे डॉक्टर होते, कॉम्प्युटरवाले होते आणि जेबमणी सर स्वतः बँकेतले. आधी प्रार्थना, मग गाणं, मग फोटो, मग चहा. त्यानंतर एक वीट अठरा हातांतून फिरत फिरत भिंतीवर जाऊन बसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंजलैला लाल खुर्चीत बसवलेलं, अंगावर शाल. "तुम्ही आज पाहुण्या, हात लावायचा नाही," सरांची सक्त ताकीद. ती बिचारी खुर्चीच्या कडेवर बसून नुसती चुळबुळत होती.

दुपारी यांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि भिंतीला लावली. काचेतला बुडबुडा जो एका टोकाला पळाला तो परत आलाच नाही.

"अगं, ही भिंत नमस्कार करतेय," हे म्हणाले.

"हळू बोला हो!"

पण अंजलैने ऐकलं. मी जेवायला तिच्याशेजारी बसले तेव्हा ती तमिळमध्ये भडाभडा बोलायलाच लागली. "अक्का, बावीस वर्षं मी बांधकामावर घमेली उचलतेय. मेस्त्री आला नाही की थापीसुद्धा मीच धरते. समोरची ती चार मजली इमारत, तिच्यात माझे हात आहेत. आणि हे सर मला एक वीट उचलू देत नाहीत! असं घर कधी उभं राहणार?"

"पण घाई कसली आहे? बांधतील हळूहळू."

"घाई आहे हो अक्का. माझ्या मुलीला, शरण्याला, पाचवा महिना लागलाय. सातव्यात तिच्या सासरी वळैकाप्पू, बांगड्या भरायचं कार्य. ते झालं की मुलगी आईकडे यायची. सासूने सांगितलंय, आधी घर बघीन, मग पाठवीन. म्हणते, आडोशाला माझी सून बाळंत होणार नाही. तिचंही बरोबरच आहे. पण पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं नाही, तर मी आई कसली?"

हातातला घास मी ताटात ठेवला. मी तडक सरांकडे गेले.

"सर, तिला काम करू द्या."

"मॅडम, जन्मभर राबली ती. दोन महिने तरी बसू दे की हो."

इतक्या मायेने म्हणाले की भांडताच येईना. चांगल्या माणसांशी भांडायचं म्हणजे जिवावर येतं मेलं. बरं, तिला उठवता येत नाही, तर या बाकीच्या सोळा जणांना बसवता येईल का? रात्रभर तोच विचार केला.

सकाळी सरांना म्हटलं, "सर, सेवा करणाऱ्यांचा सत्कार या शहरात कोणी करतच नाही, नाही का?"

सरांनी चष्मा पुसला. "खरं आहे, मॅडम."

झालं! टी. नगरच्या बाजारातल्या गर्दीत कोपरं खात मी सोळा शाली घेऊन आले. पुढच्या शनिवारी गल्लीत मांडव, व्यासपीठ, माइक, खुर्च्या. मंडळींच्या पाठीमागे पडदा, आणि पडद्यामागे अंजलै, शनिवारची मजुरी बुडवून आलेल्या तिच्या चार मैत्रिणी, आणि पाणसळ घेऊन आमचे हे. पहिल्या तासात त्यांनी नमस्कार करणारी भिंत उतरवली. दुसऱ्या तासात सरळ उभी केली. हे मला चिठ्ठ्या पाठवत होते: "अजून दोन थर. भाषण लांबवा." दातांचे डॉक्टर हिरड्यांवर बोलले तेवढ्यात खिडकी बसली. सर एकटे पन्नास मिनिटं बोलले. संध्याकाळी मंडळींनी एकेक वीट ठेवली, फोटो काढले आणि सगळे म्हणाले, "बघता बघता किती झालं!"

चार शनिवार हेच. आमच्या यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामाला नावं ठेवली नाहीत. मग कंत्राटदाराने स्लॅब टाकला, रंग लागला, आणि सातव्या महिन्यात शरण्याच्या सासूबाई तिला घेऊन घर बघायला आल्या. आम्ही सगळे दारात. सासूबाईंनी भिंत बोटांनी ठोकली.

"कोणी बांधलं?"

सोळा जणांतले पंधरा हात वर.

"तुम्ही काय करता?"

"दात काढतो."

"तुम्ही?"

"कॉम्प्युटर."

सासूबाईंनी सुनेचा हात धरला. "चल गं. या लोकांच्या भिंतीखाली माझं नातवंड नको."

अंजलैचा चेहरा पांढराफटक पडला. ती बोलणार तरी काय? विटा मंडळींच्या, सिमेंट मंडळींचं, त्यांच्यादेखत कसं म्हणणार की बांधलं मी? मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी जेबमणी सर पुढे झाले.

"अम्मा, आम्ही काही बांधलं नाही. आम्ही नुसते बसलो होतो. बांधलं हिने."

दातांच्या डॉक्टरांचा हात अजून वरच.

"व्यासपीठावरच्या माझ्या खुर्चीतून मला पडद्याच्या फटीतून मागचं सगळं दिसत होतं," सर मान खाली घालून म्हणाले. "माझ्या माणसांना 'तुम्हाला येत नाही' असं सांगायला जीभ रेटेना. म्हणून बोलत राहिलो. पन्नास मिनिटं बोलण्यासारखं माझ्याकडे काय आहे हो? थर चढत होते, थांबवेना."

आणि मी मेली त्यांना भाषणांची हौस समजत होते! मला इतकी लाज वाटली की यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

सासूबाईंनी अंजलैचा हात ओढून उलटा केला. तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपले, एकदा भिंतीकडे बघितलं.

"तू बांधलंस?"

"हो."

"मग मघापासून गप्प काय उभी आहेस?" त्या खेकसल्या, आणि शरण्याचा हात सोडून तिला पुढे ढकललं. "कार्य होईपर्यंत कशाला थांबायचं? जा, आजपासूनच राहा आईकडे."