ही म्हणजे कोण

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडून दिली, आणि जाताना मला असं एक कुलूप घालून गेले की ते उघडायला वकील लागला.

मृत्युपत्र त्यांनी दुकानातच लिहिलं, पावतीपुस्तकाच्या एका पानाच्या मागच्या बाजूला. 'माझ्यामागे दुकान आणि वरच्या दोन खोल्या हिला द्याव्यात. कोणी लुडबुड करू नये.' खाली सही. साक्षीला शेजारचा घड्याळवाला आणि समोरचा इस्त्रीवाला. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मलाही ते एका दमात वाचता आलं.

वकिलांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आजी, ही म्हणजे कोण?"

"मी."

"ते तुम्हाला माहीत आहे. कोर्टाला माहीत नाही."

"मग सांगा कोर्टाला. त्याचेच पैसे घेता ना?"

त्याचेच घेत होते. किती, ते नंतर कळलं.

मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का लागतो, त्याला प्रोबेट म्हणतात. त्याशिवाय दुकान नावावर होत नाही. त्यासाठी आधी पेपरात नोटीस द्यायची, कुणाची हरकत असेल तर या म्हणून. नोटिशीचे पैसे ओळीवर. ती वाचून एकच माणूस आलं, माझी नणंद चिमी. वय बासष्ट, पण भाऊ चिमी म्हणायचा म्हणून अजून चिमीच. तिचं म्हणणं असं, की भाऊ लिहीत होता तेव्हा शेजारच्या स्टुलावर ती बसली होती आणि वहिनी वर होती. मग 'ही' म्हणजे जवळ बसलेली ती.

म्हणजे हरले असते तर माझ्याच घरात मला चिमीच्या परवानगीने राहावं लागलं असतं. त्यापेक्षा मी जिन्यात झोपले असते. पण जिनाही तिचाच झाला असता.

मधेच एक मनुष्य टेप घेऊन आला, दुकानाची किंमत काढायला. अंगावर चांगला शर्ट, बोलायला नम्र. मी त्याला सगळं दाखवलं. सागवानी कपाटं दाखवली, नवा नळ दाखवला, रस्ता किती वाहता आहे ते खिडकीत उभं करून दाखवलं. म्हटलं, "ह्या अख्ख्या रस्त्यावर असा कोपरा नाही. नीट लिहा." त्याने अगदी नीट लिहिलं. आकडा ऐकून मला इतका अभिमान वाटला की मी तो फोन करून चिमीला सांगितला.

मग वकील म्हणाले, कोर्टाची फी किमतीवर असते.

"मग नळ लिहू नका."

"आजी, आता सही झाली."

महिनाअखेर त्यांचं बिल आलं. मी ते बोट ठेवून वाचलं. अर्ज तयार करणं, एक तास. फोनवर चर्चा, दहा मिनिटं. फोनवर चर्चा, नणंदेचा स्वभाव, पंचेचाळीस मिनिटं. फोनवर चर्चा, नणंदेचा स्वभाव, पुढे चालू, अर्धा तास.

मी लगेच फोन लावला. "अहो वकीलसाहेब, मी मन मोकळं करत होते! तुम्ही 'हो का, हो का' म्हणत होतात!"

"हो का," ते म्हणाले. पुढच्या बिलात त्याची सहा मिनिटं लागली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. चिमीबद्दल जे काही वाटायचं ते घड्याळवाल्याला सांगू लागले. तो फुकट ऐकतो.

कोर्टात पहिली साक्ष त्याचीच झाली. आमच्या वकिलांनी विचारलं, "'हिला' लिहिताना त्यांनी कुठे पाहिलं?"

"वर, छताकडे."

"वर देवाकडेही पाहतात माणसं," चिमीचा वकील म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "देवाला 'ही' म्हणत नाहीत. पुढे."

इस्त्रीवाला म्हणाला की त्याने कागद वाचलाच नाही, शर्ट जळत होता.

मग मी. बाई म्हणाल्या, "पतीचं नाव सांगा."

"हे."

"नाव, आजी."

"चाळीस वर्षांत घेतलं नाही. त्यांनीही माझं घेतलं नाही. घेतलं असतं तर आज आपली भेट झाली नसती."

बाई मराठीच होत्या. हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "तुम्हाला ते 'ही' म्हणायचे, याला काही लेखी पुरावा?"

लेखी? तो माणूस वर्षाकाठी दोन ओळी लिहायचा. पण नाही, एक गोष्ट ते रोज लिहायचे. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक किल्लीला पत्र्याची टिकली, टिकलीवर खिळ्याने कोरलेलं नाव. घरच्या किल्ल्यांनाही. मी पिशवीतून जुडगा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. माझ्या कपाटाच्या किल्लीवर 'हिची'. आणि माझ्याच माळ्यावर चिमीची एक पेटी वीस वर्षं पडली आहे, तिच्या किल्लीवर 'चिमीची'.

बाईंनी दोन्ही टिकल्या उजेडात धरल्या. चिमीचा वकील कागद चाळू लागला. निकाल माझ्या बाजूने लागला. त्यात माझं नाव तीनदा आलं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट. लग्नानंतर एवढं कुणी घेतलं नव्हतं.

शेवटच्या बिलानंतर वकील म्हणाले, "दुकान विकलं तर सगळं एका झटक्यात फिटेल."

"ज्यासाठी भांडले तेच विकून तुम्हाला देऊ? हप्ते लिहा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर उघडलं. चाळीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून मी काही फक्त डबा देत नव्हते. कानस कशी धरायची ते मला येतं. वेळ लागतो, पण किल्ली बसते.

आठवड्याने चिमी आली. स्टुलावर नाही बसली, उभी राहिली.

"वहिनी, माझी पेटी उघडायची आहे. किल्ली कोर्टात अडकली."

"माझीही. पुरावा आहे तो. परत हवी तर अर्ज करावा लागतो. वकिलाला विचारलंस?"

"विचारलं." तिने आकडा सांगितला. पेटीत दोन शाली आणि आईचा फोटो होता.

मी माळ्यावरून पेटी उतरवून घेतली. दुपारभर कानस चालवली. ती बसून भावाविषयी बोलत राहिली आणि मी मिनिटं मोजली नाहीत. कुलूप उघडलं तेव्हा मी नवी टिकली घेतली, खिळा घेतला.

"'चिमीची' लिही," ती म्हणाली.

"गप बस. पूर्ण नाव सांग, वडिलांच्या नावासकट. मला परत कोर्ट परवडणार नाही."