तळ्याच्या बुडाशी झरा

माझ्या तक्त्यातलं तळं काही केल्या आटत नव्हतं आणि साहेबांना त्याचा कोण आनंद! तळ्याचं पाणी, पाऊस, ऊन, गावातली माणसं, त्यांचे नळ, सगळं मी स्प्रेडशीटमध्ये मांडलं होतं. एक ओळ म्हणजे एक महिना. नव्या वसाहतीची सहाशे घरं घातली तरी पुढची दहा वर्षं पाणी दोन मीटरच्या खाली जाईना. हेच बाराच्या बैठकीत दाखवून साहेब त्या घरांना तळ्याचं पाणी मंजूर करून घेणार होते.

मला मात्र चैन पडत नव्हतं. हिशेबानं तळं दर उन्हाळ्यात तळाला जायला हवं, पण तिथून येणाऱ्या नोंदी उन्हाळाभर म्हणायच्या दोन, दोन, दोन. दोन महिने डोकेफोड करून शेवटी मी हात टेकले आणि तक्त्यात एक झरा घातला. तळ्याच्या बुडाशी, दिसत नसलेला. हिशेब नोंदींशी लगेच जुळला.

रोज पहाटे तळ्यावर जाऊन नोंदी पाठवायचे माझे मामा. ते तिथे मासे धरतात. त्यांचं तळं टिकावं म्हणून तर हे काम मी मागून घेतलं होतं. साडेअकराला राहवेना, म्हणून त्यांना फोन लावला.

"मामा, तळ्याच्या बुडाशी झरा आहे ना हो?"

"झरा? चाळीस वर्षांत मी तरी नाही पाहिला."

"मग उन्हाळ्यात पाणी दोनवर थांबतं कसं?"

"थांबतंय कुठलं! तुमची मोजपट्टी दोनला संपते. पाणी तिच्याही खाली जातं."

"अहो, मग तसं लिहायचं की!"

"लिहिलं होतं बाई. अंदाजानं एक लिहिलं, तर तुझा तो फॉर्म लाल झाला. दोन ते दहामधलाच आकडा हवा म्हणे. तीनदा लिहून बघितलं. दोन लिहिलं तेव्हा कुठे गप्प बसला. म्हटलं, भाची शिकलेली आहे, तिचं काहीतरी असेल."

फॉर्म मीच केला होता. कुणी चुकून बावीस लिहू नये म्हणून ती अट घातली होती. तीन वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या, एकदा तळ्यावर जायला काय झालं होतं मला? स्वतःचाच संताप आला.

तक्त्यातून झरा काढला. पुढच्याच उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं, तेही वसाहत नसताना.

"तो झरा परत घाला," साहेब खेकसले, "आयत्या वेळी घोळ नको."

"झरा नाहीच आहे, साहेब. तो माझा घोळ होता."

बैठकीतही हेच सांगितलं. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता, पण मंजुरी थांबली. बाहेर येऊन मी आधी मामांना फोन केला.

"मामा, घरं थांबवली. तुमचं तळं आता वाचेल."

"बरं केलंस. मासे तर दोन वर्षांपूर्वीच संपले. होडीही मोडून टाकली मी."

"मग रोज पहाटे तळ्यावर कशाला जाता?"

"तुला आकडा लागतो ना."